क्यूकेडीची सुरक्षा: व्याख्या नेमकी कशी लिहावी

क्यूकेडी (क्वांटम की डिस्ट्रिब्युशन) म्हणजे फोटॉन पाठवून दोघांनी गुप्त किल्ली तयार करणं. आधी आकडा ठरवा, एप्सिलॉन: सुरक्षेत किती चूक चालेल याची मर्यादा. आदर्श व्यवस्थेत ॲलिस आणि बॉब या दोन वापरकर्त्यांकडे एकच, पूर्णपणे यादृच्छिक किल्ली असते आणि चोरून ऐकणाऱ्या इव्हकडच्या क्वांटम अवस्थेचा तिच्याशी काडीचाही संबंध नसतो. आपली व्यवस्था या आदर्शापासून एप्सिलॉनपेक्षा दूर नको. अंतर मोजायचं ते ट्रेस डिस्टन्सने, म्हणजे दोन क्वांटम अवस्था किती वेगळ्या ओळखता येतात याच्या मापाने.

‘इव्हला मापनातून किती बिट कळले’ हा जुना निकष सोडून द्या. ती मापन लांबणीवर टाकू शकते. समजा, किल्ली वन-टाइम पॅडसाठी (संदेशाच्या प्रत्येक बिटात किल्लीचा एक बिट मिसळण्यासाठी) वापरली आणि संदेशाचा सुरुवातीचा मजकूर इव्हला ठाऊक आहे. तेवढे किल्लीचे बिट तिला फुकट मिळाले. आता त्यांच्या आधारे ती जपून ठेवलेली अवस्था मोजते. या निकषात उत्तम ठरलेल्या किल्लीचा उरलेला बिटही असा फुटू शकतो, हे क्योनिग, रेनर, बारिस्का आणि माउरर यांनी २००७ मध्ये दाखवलं.

मग एप्सिलॉनची वाटणी करा: अचूकता आणि गुप्तता, दोन्हींची बेरीज. ॲलिस आणि बॉबच्या किल्ल्या वेगळ्या असूनही लक्षात न येण्याची शक्यता १० अब्जांत १ हवी असेल, तर पडताळणीचा हॅश (किल्लीवरून काढलेला छोटा ठसा) ३४ बिटांचा घ्या. तो उघडपणे पाठवला जातो, म्हणून तेवढे बिट वजा. एरर करेक्शनमध्ये (दोन्ही किल्ल्यांतले फरक दुरुस्त करताना) उघड झालेले बिटही वजा. उरलेल्या स्मूथ मिन-एन्ट्रॉपीतून (इव्हच्या दृष्टीने किल्लीत उरलेल्या अनिश्चिततेच्या मापातून) आणखी ६५ बिट कापले की प्रायव्हसी ॲम्प्लिफिकेशनचा, म्हणजे किल्ली आखूड करून इव्हची माहिती पुसण्याच्या टप्प्याचा, एप्सिलॉनमधला वाटाही १० अब्जांत १ इतका खाली येतो. नमुन्यावरून चुकांचं प्रमाण ठरवताना होणारी सांख्यिकी चूक वेगळी धरा; लहान ब्लॉकमध्ये (एका वेळी थोडेच बिट हाताळले तर) खरा मार तिथेच बसतो.

हमखास होणारी गफलत: ‘प्रोटोकॉल रद्द झाला नाही, असं धरून’ एप्सिलॉन सांगणं. (चुका जास्त दिसल्या की किल्ली न काढता प्रोटोकॉल रद्द होतो.) इव्हने प्रत्येक फोटॉनचा बेसिस (तो कोणत्या पद्धतीने मोजायचा ते) नशिबाने बरोबर ओळखला, तर चूक एकही दिसत नाही आणि अख्खी किल्ली तिच्या हाती जाते. म्हणून अंतराला ‘रद्द न होण्याच्या’ संभाव्यतेने गुणावंच लागतं.

एप्सिलॉन साठत जातात. १० अब्जांत १ या हिशेबाने दर सेकंदाला एक किल्ली काढली, तर वर्षाची बेरीज हजारात तीनच्या वर जाते. संदेशांच्या ऑथेंटिकेशनचा (ते खरोखर ॲलिस-बॉबकडूनच आले याच्या खात्रीचा) एप्सिलॉनही यातच मिळवा.

शेवटी उपकरणांबद्दलची गृहीतकं लिहा: स्रोत एका वेळी किती फोटॉन सोडतो, डिटेक्टर कसे वागतात. २०१० मध्ये प्रखर प्रकाशाने डिटेक्टर आंधळे करून किल्ली चोरता येते हे दिसलं, तेव्हा गणित चुकलं नव्हतं. डिटेक्टर गृहीतकाप्रमाणे वागत नव्हते.