नखांच्या बुरशीवरील औषधांचे संशोधन कसे वाचावे

पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे पडून जाड आणि ठिसूळ होऊ लागले, की ते बरे करणाऱ्या गोळीचा किंवा लेपाचा शोध सुरू होतो आणि 'अमुक टक्के रुग्ण बरे झाले' असे आकडे समोर येतात. हे आकडे बहुधा खरे असतात. मात्र 'बरे' हा शब्द प्रत्येक ठिकाणी एकाच अर्थाने वापरलेला नसतो, म्हणून या आजारावरील कोणताही अभ्यास वाचताना बरे होण्याची व्याख्या सर्वांत आधी शोधावी.

बहुतेक अभ्यासांत दोन व्याख्या भेटतात. पहिलीत नखाचा कीस सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर त्यात बुरशीचे धागे दिसत नाहीत आणि कल्चरमध्येही, म्हणजे प्रयोगशाळेत कीस ठेवून बुरशी वाढवून पाहण्याच्या चाचणीतही, बुरशी वाढत नाही. दुसरी व्याख्या अधिक कठोर आहे, कारण तिच्यात या दोन्ही चाचण्या निर्दोष येण्याबरोबरच नखही पूर्णपणे स्वच्छ दिसावे लागते. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या गोळ्यांच्या अमेरिकेतील माहितीपत्रकात पायाच्या नखांसाठी पहिल्या अर्थाने ७० टक्के आणि दुसऱ्या अर्थाने ३८ टक्के असे आकडे दिलेले आहेत. औषध आणि रुग्ण तेच असूनही आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. आपल्याला हवे असते ते स्वच्छ नख, म्हणून माझ्या मते दुसराच आकडा आधी पाहावा.

त्यानंतर तुलना कशाशी केली आहे ते पाहावे. एफिनाकोनॅझोल या बुरशीनाशकाचे १० टक्के द्रावण नखावर ४८ आठवडे रोज लावून दोन मोठे अभ्यास झाले आणि ५२व्या आठवड्याला निकाल मोजला गेला. संपूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण एका अभ्यासात १७.८ टक्के, तर दुसऱ्यात १५.२ टक्के होते. मात्र औषध नसलेले तेच द्रावण लावणाऱ्यांपैकीही अनुक्रमे ३.३ आणि ५.५ टक्के लोक बरे झाले. औषधाचे श्रेय या दोन आकड्यांतील फरकाएवढेच, म्हणजे पहिल्या अभ्यासात १४.५ आणि दुसऱ्यात ९.७. शंभराला या फरकाने भागले, की अंदाजे सात ते दहा जणांनी जवळजवळ वर्षभर नेमाने औषध लावल्यावर त्यांपैकी एकाचे नख औषधामुळे पूर्ण स्वच्छ होते, हे समजते. हा भागाकार कागदावर स्वतः करून पाहावा; खर्च आणि चिकाटी यांचा विचार त्यानेच नीट होतो.

याच अभ्यासांत कोणाला घेतले होते, हेही वाचावे. निवडलेल्या नखाचा २० ते ५० टक्के भागच बाधित असलेल्यांना त्यांत प्रवेश होता आणि नखाच्या मुळाशी असलेल्या चंद्रकोरीपर्यंत संसर्ग पोहोचलेल्यांना वगळले होते. ज्याचे संपूर्ण नख मुळापर्यंत बिघडले आहे, त्याने हे आकडे आपल्याला लागू आहेत असे मानू नये. त्याहून मूलभूत गोष्ट अशी, की अभ्यासातील प्रत्येक रुग्णाची बुरशी चाचणीने सिद्ध झालेली असते. प्रत्यक्षात बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्याच नखांत बुरशी असते. उरलेल्यांमागे सोरायसिस, लायकेन प्लेनस यांसारखे त्वचारोग किंवा घट्ट पादत्राणांचा मार अशी कारणे असतात. नखाचा कीस न तपासता महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी मला मनापासून काळजी वाटते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या आणि नखाच्या कडेला सुजून ठणकणारे नखुर्डे हेही वेगळे आजार आहेत. नखांच्या बुरशीचे निष्कर्ष त्यांना लावू नयेत.

निकाल केव्हा मोजला, याला या आजारात फार महत्त्व आहे. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते आणि पूर्ण बदलायला बारा ते अठरा महिने लागतात, त्यामुळे तीन महिन्यांनंतरचे छायाचित्र किंवा निष्कर्ष फारसे काही सिद्ध करत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ४९६ रुग्णांवर टर्बिनाफिन रोज आणि इट्राकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक दर चार आठवड्यांतून एक आठवडा अशी तुलना करून ७२व्या आठवड्याला निकाल मोजला होता. बुरशी नाहीशी झाल्याचे प्रमाण टर्बिनाफिनच्या १२ आठवड्यांच्या गटात ७५.७ टक्के आणि इट्राकोनॅझोलच्या तशाच १२ आठवड्यांच्या गटात ३८.३ टक्के आढळले. आइसलँडमधील १५१ रुग्णांचा पाठपुरावा पुढे सुमारे पाच वर्षे चालू ठेवल्यावर पुन्हा उपचार न घेता बुरशीमुक्त राहिलेले अनुक्रमे ४६ आणि १३ टक्केच उरले. हा आजार उलटतो, हे दीर्घ पाठपुराव्यातूनच कळते. या अभ्यासाला टर्बिनाफिन बनवणाऱ्या कंपनीचे आर्थिक पाठबळ होते; तेवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण पैसा कोणाचा आहे हे टिपून ठेवावे.

भारतातील वाचकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गजकर्णाच्या अनेक रुग्णांत ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी सापडते आणि तिचे काही प्रकार टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. नखांवरील जुने पाश्चात्त्य अभ्यास मुख्यत्वे ट्रायकोफायटन रुब्रम या बुरशीचे आहेत, त्यामुळे त्वचेवरील गजकर्णासाठी ते आकडे वापरू नयेत.

भारतात झालेला अभ्यास वाचत असल्यास त्याची नोंद भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत शोधावी. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून सक्तीची आहे आणि कोणालाही विनामूल्य पाहता येते. सुरुवातीला मुख्य निकाल कोणता आणि कितव्या आठवड्याला मोजायचा ठरवला होता, हे तिथे लिहिलेले असते. प्रसिद्ध लेखातील मुख्य निकाल त्याच्याशी ताडून पाहावा आणि तो बदललेला दिसल्यास लेखात त्याचे कारण दिले आहे का ते शोधावे. मग व्याख्या, फरक, कालावधी आणि वगळलेले रुग्ण या चार गोष्टी एका कागदावर लिहून, नखाच्या चाचणीच्या अहवालासह त्वचारोगतज्ज्ञांकडे न्याव्यात. टर्बिनाफिनच्या गोळ्या ठरल्यास, त्या सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्तचाचणी करण्याविषयीही तेव्हाच विचारावे.