भाऊबीजेला झाडीपट्टीत या: मंडई पाहायची ती अशी

दिवाळीनंतर कुठं फिरायला जावं, असं नागपूरचे सोयरे मला दरवर्षी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. वैनगंगा ओलांडून आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत या, मंडई पाहा. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, दिवाळीनंतर गावोगाव भरणारी आमची जत्रा. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं. भाऊबीजेचं ओवाळणं झालं की गावाच्या मंडईला थांबल्याशिवाय मी आजवर सासरी परतले नाही.

मंडईची तारीख दिनदर्शिकेत सापडत नाही. भाऊबीजेपासून सुरुवात होते, मग आज या गावाला, उद्या त्या गावाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत ओळखीच्या माणसाला फोन करा, तो दिवसही सांगेल आणि जेवायलाही बोलावेल. ओळख नसेल तर एसटी स्टँडवरचे नाटकांचे पोस्टर वाचा. ज्या गावात मंडई, त्या गावात रात्री नाटक, त्यामुळे पोस्टरवरून दोन्ही कळतं.

जमलं तर एक दिवस आधी, पाडव्यालाच पोहोचा. त्या दिवशी गायगोधन असतं. गोवारी बांधव सजवलेल्या गाई गावातून नेतात, ढोल वाजत असतो, गाणी चाललेली असतात. 

मंडईच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास बाहेर पडा. आधी दंडार, ही आमची लोककला, पाहा. ढोलकी, टाळ, आणि लुगडं नेसून नाचणारे पुरुष. उभ्यानंच पाहायची असते, तेव्हा पुढं सरकून जागा धरा. मग दुकानं. बांगड्या, फुगे, जिलेबी सगळीकडे मिळते. तुम्ही उकडलेले शिंगाडे घ्या. आमच्या तलावांतले असतात, याच दिवसांत निघतात. घरचं जेवण मिळालं तर लाखोरीच्या डाळीचे वडे मागून घ्या. माझी आई डाळ रात्री भिजवते, पाट्यावर जाडसर वाटते, त्यात लसूण, मिरची आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालते. मिक्सरवर बारीक झालेल्या डाळीचे वडे तसे होत नाहीत. आणि आलेल्या पाहुण्यांकडे नीट लक्ष द्या: बाया कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा हे विचारत असतात. कितीतरी सोयरिकी मंडईतच जुळतात.

संध्याकाळी थोडं झोपून घ्या. नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. बहुतेक नाटक मंडळ्या वडसा इथल्या. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचं हे गाव, कागदोपत्री देसाईगंज. या रंगभूमीचे विनोदी कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. तिकीट खुर्चीचं आणि जमिनीचं वेगळं असतं. मी जमिनीवरच बसते, कारण रडणारं, हसणारं गाव तिथंच असतं. मध्ये लावणी येईल, गाणी येतील. घाई करू नका, शेवटचा अंक सोडू नका. कथेची गाठ तिथंच सुटते.

थंडी मात्र विसरू नका. एका वर्षी मी लेकीला नुसत्या फ्रॉकवर नेलं. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं, ती कुडकुडू लागली आणि आम्हाला अर्ध्यातून उठावं लागलं. तेव्हापासून पिशवीत चादर, कानटोपी, खाली टाकायला बोरा (पोतं) आणि बॅटरी ठेवते. परतताना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालावं लागतं, हलका धान कापलेल्या बांधीत (भातखाचरात) ओल असते, आणि तिथं सापही निघतो.

सुटी उरली असेल तर त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर त्रिपूर पेटतो, तो पाहा. ताडोबाही 1 ऑक्टोबरपासून उघडलेलं असतं, फक्त बुकिंग खूप आधी करा आणि मंगळवार टाळा.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला गर्दी असते. दहानंतरची गाडी धरा, तेवढ्यात वड्यांचा डबा भरून होतो.