सेकंड हँड लॅपटॉप घेताय? नुसतं "आय७ आहे" ऐकून पैसे देऊ नका

परवा मामेभावासोबत जुना लॅपटॉप बघायला गेलो, विकणारा पहिल्यापासून "आय७ आहे दादा, आय७" (आय७ म्हणजे इंटेल कंपनीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर, लॅपटॉपचा मेंदूच) एवढंच लावून बसलेला, स्टिकर पण एकदम कोरा चकचकीत आणि कीबोर्डवरची अक्षरं मात्र पुसून गेलेली. म्हटलं आधी चालू तर करा.

चालू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू. उजवीकडे वर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. आमचा निघाला आय७-७५००यू, खाली कोअर्स (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) २, लॉजिकल प्रोसेसर्स (यांनाच थ्रेड म्हणतात, एकावेळी किती कामं चालतात तो आकडा) ४. झालं, तिथेच कळलं.

कारण आय७ च्या पुढचा आकडा खरा. ७५०० म्हणजे सातवी जनरेशन (१०, ११, १२ असं काही सुरुवातीला असेल तर ते दोन आकडे धरायचे), शेवटचं यू म्हणजे वीज कमी खाणारा, एच असेल तर दमदार पण तापणारा. आता याच्या पुढच्याच जनरेशनचा आय५-८२५०यू घ्या, त्यात ४ कोअर आणि ८ थ्रेड, म्हणजे एकावेळी बरीच कामं चालू असली की आय५ या आय७ ला आरामात मागे टाकतो! शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवीपासूनच मान्यता आहे आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, मग सातवीवाला घेऊन करायचं काय.

बेस स्पीड बघून पण फसू नका. ८२५०यू चा १.६ गिगाहर्ट्झ आणि ७५००यू चा २.७ दिसतो, पण तो नुसता पाया, कामाला लागला की ८२५०यू ३.४ पर्यंत जातो.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्ये तर अजून घोळ, रायझन ५ ५५००यू हा झेन २ या जुन्या रचनेवर आणि ५६००यू नव्या झेन ३ वर, नावात फरक फक्त १०० चा.

अजून एक, विंडोजमध्ये दिसणारं नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीत) बदलता येतं, म्हणून कोअर्सचा आकडा नावाशी ताडून बघाच, शंका आली तर पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर घेऊन जा, ते थेट प्रोसेसरलाच विचारतं. मॅक असेल तर ॲपलच्या मेनूत अबाउट धिस मॅक, बास.

आता आम्ही जायच्या आधीच टास्क मॅनेजरच्या त्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो, अर्धे लोक तर त्यानंतर रिप्लायच देत नाहीत.