फुटबॉल मॅचला चाललात? तिकीट काढायच्या आधी जागा नीट ठरवा

आपल्या नांदेड-परभणी-लातूरच्या माणसाला मोठी फुटबॉल मॅच बघायची म्हणजे एक रात्र प्रवासात घालवणं आलंच, हैदराबाद गाठा नाहीतर पुणे-मुंबई, आणि एवढी दगदग करून पोहोचल्यावर पोरं हमखास सगळ्यात पुढची लाईन धरून बसतात. माझ्याकडं फुटबॉल शिकणारी बारा पोरं घेऊन मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पण हेच केलं. समोर जाहिरातीचे बोर्ड, जवळच्या साइडलाईनला बॉल आला की बॉलच दिसंना, नुसत्या मांड्या अन् जर्सी, आणि पलीकडच्या बाजूचे सगळे प्लेयर एकाच ओळीत उभे असल्यावानी दिसायलेत. एक पोरगं म्हणलं, सर, टीव्हीवरच बरं दिसत होतं. लई वाईट वाटलं मला, कारण पैसे पोरांच्या घरच्यांनी कसे जमवले ते मला माहीत होतं.

माळेगावच्या जत्रेत कुस्ती बघताना आपण फडाला चिकटून बसतो ते बरोबरच आहे, दोनच गडी, पकड जवळूनच कळती. फुटबॉलचं उलटं हाय. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान, २२ जण, आणि निम्मा खेळ बॉल नसतो तिथं चालू असतो, कोण मोकळी जागा शोधायलाय, कोण कुणाला मार्क करायलाय म्हणजे चिकटून अडवायलाय, हे उंचीवरूनच उलगडतं. म्हणून मधल्या रेषेच्या जवळ आणि वर बसायचं, खालच्या दहा-पंधरा लाईनी सोडून. अगदी मधलं तिकीट महाग वाटलं तर दोन्हीकडच्या डीच्या (गोलसमोरच्या चौकोनाच्या) दरम्यान कुठंही चालतं, पण वरच. टीव्हीचा मेन कॅमेरा पण तिथंच असतो, फक्त तो बॉलच्या मागं फिरत राहतो आणि तुमची नजर तुम्हाला पाहिजे तिथं ठेवता येती.

दुसरं, मैदानाभोवती पळायचा ट्रॅक हाय का ते आधी बघा. ह्याचा विचार कुणीच करत नाही अन् इथंच पैसे वाया जातात. हैदराबादच्या गचिबोलीला ट्रॅक आहे, पुण्याच्या बालेवाडीला आहे, बंगळूरच्या कंठीरवाला पण आहे. ४०० मीटरच्या ट्रॅकच्या आत मैदान आखलं की गोलरेषेपासून ट्रॅकची आतली कड साधारण २६ मीटर लांब राहती, त्यात आठ लेनचे १० मीटर धरा, म्हणजे गोलच्या मागं पहिल्या लाईनीत बसलात तरी जवळचा गोल ३५ मीटरवर आणि पलीकडचा १४० मीटरवर. तेच साइडच्या स्टँडला साइडलाईन बारा-तेरा मीटरवरच येती. ट्रॅकवाल्या स्टेडियमला गोलमागचं तिकीट कितीही स्वस्त असो, घेऊ नका, अजिबात.

२०२४ च्या नोव्हेंबरात गचिबोलीला भारत-मलेशिया मॅच झाली, १-१ सुटली, तिला मी पोरांना साइडला वर बसवलं. आपला गोलकीपर गुरप्रीत गोल सोडून पुढं आला, बॉलचा टप्पा चुकला आणि मलेशियाच्या पाउलो जोसुएनं रिकाम्या गोलात घातला. स्टेडियमभर गोलकीपरच्या नावानं आरडाओरडा, पण माझा एक स्टॉपर (मधला डिफेंडर) पोरगा गप्प बसून आपल्या डिफेन्सच्या मागची मोकळी जागा बघायलता. परतीच्या गाडीत त्यानं बर्थवर चार शेंगदाणे मांडून बॅकलाईन म्हणजे डिफेंडरची ओळ केली, पाचवा पुढं सरकवला आणि म्हणला, सर, ह्यानं इथं थांबायला पाहिजे होतं. आपल्या ब्रँडनच्या कॉर्नरवर राहुल भेकेनं हेडर मारून बरोबरी केली, त्यात कोण कुणाला अडवून धरलं होतं ते पण त्यानं सांगितलं. पुढच्या लाईनीत बसला असता तर ह्यातलं काहीच दिसलं नसतं त्याला.

नेरूळचं डी. वाय. पाटील मुळात क्रिकेटचं ग्राउंड, त्यामुळं फुटबॉलचं मैदान स्टँडपासून लांब पडतं, तिथं पण वरच जा. अंधेरीचं फुटबॉल अरेना लहान हाय, तिथं एवढा फरक पडत नाही.

उन्हाचं विसरू नका. मैदानं शक्यतो उत्तर-दक्षिण असतात, गोलकीपरच्या डोळ्यात मावळतं ऊन जाऊ नये म्हणून, मग पूर्वेच्या स्टँडवाल्यांना ते ऊन थेट तोंडावर. संध्याकाळी साडेसातच्या मॅचला प्रश्न नाही, पण कोल्हापूरला शाहू स्टेडियमला दुपारची मॅच बघायची तर मॅपवर दिशा बघून पश्चिमेची बाजू धरा. आणि तिथं पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार असे पेठापेठांचे सपोर्टर हायेत, कुणाची बसायची बाजू कोणती ते आधी विचारून घ्या.

बुक करताना लेआउट मोठा करून बघा, लाईनीचे नंबर खालून वर जातात का वरून खाली ते तपासा. वर दुसरा मजला असेल तर त्याच्या खालच्या अगदी शेवटच्या लाईनी नको, उंच गेलेला बॉल छतामागं गायब होतो. डगआउटच्या (कोच अन् राखीव प्लेयर बसतात त्याच्या) बरोबर मागं खाली पण नको, त्याचं छप्पर आडवं येतं. लहान लेकरं किंवा म्हातारं माणूस संगं असेल तर उंचीपेक्षा पायऱ्या महत्त्वाच्या, कडेची सीट घ्या. केरळा ब्लास्टर्सच्या पिवळ्या मंजप्पडावाल्यांसारखे ढोल वाजवणारे सपोर्टर जिथं बसतात तिथं ९० मिनिटं उभं राहावं लागतं. गळा फाडून ओरडायचं असेल तर तिथली मजा दुसरीकडं कुठंच नाही, पण खेळ शिकायला आलेल्या पोराला तिथं बसवू नका.

गेटचा नंबर तिकिटावर असतो, तासभर आधी तिथं पोहोचा. आणि रात्री साडेसातची मॅच असेल तर त्याच रात्रीच्या देवगिरीचं रिझर्वेशन करू नका, मॅच संपून अंधेरीहून सीएसएमटी गाठणं होत नाही. दुसऱ्या दिवशीची गाडी धरा, म्हणजे शेवटची दहा मिनिटं घड्याळाकडं बघत घालवावी लागणार नाहीत.