पाण्याखालचे फोटो कृष्णधवल करताना

मालवणला स्कुबा करून आलेल्यांचे फोटो बघा, बहुतेक हिरवटच असतात. लाल रंग पाण्यात पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच जवळजवळ संपतो, त्यामागोमाग नारिंगी जातो. त्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ आणि प्लवक भरपूर, म्हणून उरतो तो हिरवा. मग घरी बसून आपण लाल स्लायडर ओढत राहतो आणि मासा जांभळट होऊन बसतो. अशा फोटोंसाठी मी कृष्णधवलचा रस्ता धरते.

आधी फोटो नीट निवडा. वरून उतरणारे उन्हाचे झोत, डायव्हरची नुसती आकृती, प्रवाळावरची नागमोडी नक्षी, अंगावर उभे काळे पट्टे असलेल्या पिवळ्या माशांचा थवा, हे सगळं कृष्णधवलमध्ये खुलतं. ज्याची सगळी गंमत रंगातच आहे, तो फोटो रंगीतच राहू द्या. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, असेल तर उत्तम. जेपेगमध्ये पाण्याच्या छटा जास्त ताणल्या की पट्टे पडतात.

आता मुख्य काम. सॅच्युरेशन शून्यावर नेऊन भागत नाही, कारण मग पाणी, मासा आणि खडक एकाच राखाडीत मिसळतात. रंग शेवटी दिसणार नसले तरी त्यांना वेगळं करायचं ते रंगांच्याच जोरावर. फोटो सुधारायच्या लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट मिक्स उघडा, गिंपमध्ये मोनो मिक्सर. कोणता रंग राखाडीत किती उजळ किंवा गडद उतरावा, ते तिथे ठरवता येतं. मोबाइलवर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत फिल्टर आहेत, तेही चालतात.

गिंप वापरत असाल तर मिक्सरला हात लावण्याआधी लाल, हिरवा आणि निळा चॅनेल, म्हणजे फोटोतला त्या त्या रंगाचा उजेड, एकेक करून बघा. फ्लॅशशिवाय खोलवर काढलेल्या फोटोत लाल चॅनेल म्हणजे काळोख आणि नुसते दाणे. तिथे बहुतेक वेळा हिरव्यावर भिस्त ठेवावी लागते. फ्लॅश मारला असेल तर गोष्ट अगदी उलटी. फ्लॅशमधला लाल उजेड जवळच्या माशापर्यंतच पोचतो, मागच्या पाण्यात लाल जवळजवळ नसतोच. त्यामुळे लाल चॅनेलमध्ये मासा उजळ आणि पाणी आपोआप काळंभोर. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो एकच चॅनेल बघत बसले होते.

त्या पट्टेवाल्या माशांच्या एका फोटोत मी पाणी गडद करायला निळा आणि फिकट निळा, दोन्ही स्लायडर थेट उणे १०० वर नेले. लहान पडद्यावर झकास दिसलं. मोठं करून बघितलं तर प्रत्येक पराभोवती पांढरी कड आणि पाण्यात वाळू सांडल्यासारखे दाणे. आता मी उणे ४० च्या आसपास थांबते आणि बाकीचं काम व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे उजेडाची रंगछटा जुळवणाऱ्या सेटिंगवर सोपवते. फोटो कृष्णधवल झाला तरी त्यातला टेंपरेचरचा स्लायडर काम करत असतो. तो हळूहळू सरकवा आणि पाणी माशापासून सुटं होतं तिथे थांबा.

धूसरपणा काढणारा डिहेझ स्लायडर बेताचाच. पाण्याला थोडा धूसरपणा हवा, त्यातूनच खोली कळते. चित्रात कुठेतरी एक जागा पूर्ण काळी असू द्या, तेवढ्याने बाकीच्या राखाडी छटा जागेवर बसतात. सूर्य फ्रेममध्ये असेल तर त्याच्याभोवतीचं ते कुरूप हिरवं-निळं कडं इथे आपोआप नाहीसं होतं.

पाण्यात तरंगणारे कण कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर चांदण्यांसारखे उठून दिसतात, म्हणून साफसफाई त्यानंतरच करा. मोकळ्या पाण्यातले कण डाग पुसणाऱ्या हीलिंग ब्रशने बिनधास्त काढा. माशाच्या अंगावरचे मात्र १०० टक्के झूम करून, एकेक करून. तिथे घाई केली की खवल्यांची नक्षी पुसली जाते आणि मासा प्लास्टिकचा वाटतो. मग लहान ब्रशने फक्त डोळा किंचित उजळा, अर्धा स्टॉप पुरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

प्रिंट काढायची असेल तर मॅट कागदावर गडद पाण्यातल्या छटा एकमेकींत मिसळून जातात, हे धरून सावल्या थोड्या वर उचला. पडद्याचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि पुन्हा बघा. माशाच्या पोटाखालच्या सावलीतही खवले दिसत असतील तर फाइल छापायला द्यायला हरकत नाही.