मनोराज्य नव्हे, मनातला सराव

मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेत उतरायचे मी ठरवले, तेव्हा माझे सारे पोहणे विहिरीतले होते. डोळे मिटले की गळ्यातले पदक तेवढे दिसे. मन सुखावे, पण पहाटे उठून पाण्यात उतरण्याची निकड कमी होई. लिएन फाम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ मधील प्रयोगातही, उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा आपण अभ्यासाला कसे बसतो हे मनात पाहणाऱ्यांनी अभ्यास जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले.

म्हणून मनासमोर फळ न आणता कृती आणावी. रोज ठरलेल्या वेळी पडवीत दहा मिनिटे शांत बसावे आणि पहिल्या पावलापासून सुरुवात करावी: ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू तळव्यांना घट्ट लागते, पाणी गुडघ्यांवरून कमरेपर्यंत चढते, छातीला गारवा भिडताच श्वास आखडतो आणि तो आपण पाण्यात सावकाश सोडतो. हे दृश्य काठावरून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ओठांवरचा खारटपणासुद्धा जाणवला पाहिजे.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच बहुतेक जण टाळतात: अडचणही मनात पाहावी. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला समोरचे दिसेना. अशा प्रसंगांची मनात उजळणी करण्याची त्याला सवय होती. किती हात मारले हे मोजत तो पोहत राहिला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला. आपली अडचण ‘जर–तर’च्या वाक्यात बांधून ठेवावी: ‘लाटांमुळे मार्ग दाखवणारा तरंगता बोया दिसेनासा झाला, तर मी डोके वर काढून काठावरचा उंच माड शोधीन.’ मुलाखतीची किंवा परीक्षेची तयारीही अशीच करता येते.

मनातला सराव पाण्यातल्या सरावाला पूरक आहे, पर्याय नाही, आणि समुद्रात एकट्याने कधीही उतरू नये. डोळे उघडल्यावर लगेच एक छोटे काम हातावेगळे करावे. मी उठतो आणि गॉगल, टोपी व पंचा दाराशी काढून ठेवतो.