कमी पैशांत घरासाठी सिंथ कसा घ्यावा: आधी पट्ट्या दाबून बघा

एकांकिकांना पार्श्वसंगीत करता करता गेल्या चौदा वर्षांत मी स्वतःसाठी चार आणि ओळखीच्यांसाठी वीसेक कीबोर्ड घेतले, बहुतेक सगळे वापरलेले. सोबत आलेल्याला दरवेळी कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की जास्तीत जास्त टोन असलेला घे. हे डोक्यातून काढून टाका. सहाशे टोनांपैकी घरी दहा वाजवाल. बोटं मात्र रोज त्याच ६१ पट्ट्यांवर पडणार आहेत, तेव्हा पैसे पट्ट्यांना द्या.

काय घ्यायचं?

आपल्याकडे सरसकट सगळ्याला कॅसिओ म्हणतात, पण यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला अरेंजर कीबोर्ड, म्हणजे यामाहाची पीएसआर किंवा कॅसिओची सीटी-एक्स मालिका. त्यात तयार आवाज, तयार ताल आणि स्पीकर असतो. दुसरा खरा सिंथेसायझर. त्यात फिल्टर (आवाजातला काही भाग कापणारा) आणि एन्व्हलप (सूर कसा उठतो-विरतो ते ठरवणारा) हाताने फिरवून आवाज आपण घडवायचा, आणि बहुतेकांना स्पीकर नसतो. तिसरा मिडी कंट्रोलर; मिडी म्हणजे वाद्य आणि काँप्युटर यांची आपसात बोलायची भाषा. त्याला स्वतःचा आवाजच नाही, तो काँप्युटरला जोडूनच वाजतो.

घरात बरा काँप्युटर असेल तर माझं मत पक्कं आहे. ६१ पट्ट्यांचा, टच रिस्पॉन्स (तो काय ते पुढे सांगते) आणि यूएसबी असलेला वापरलेला अरेंजर घ्या आणि सिंथचं काम काँप्युटरवर करा. व्हायटल आणि सर्ज एक्सटी ही सिंथची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. डेक्स्ड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तर यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स७ या सिंथची सगळी रचना आहे. फिल्टर म्हणजे काय, एन्व्हलपने सुराचा उठाव कसा बदलतो, हे तिथे एक रुपया न घालवता शिकता येतं. काँप्युटर बंद असला तरी अरेंजर वाजतोच.

नॉब फिरवत बसण्यातच तुमचा जीव रमणार असेल तर खरा सिंथ जरूर घ्या, पण त्याच्या मर्यादा आधी समजून घ्या. कॉर्ग कंपनीचे २००२ सालचा मायक्रोकॉर्ग आणि २०१६ सालचा मिनीलॉग हे सिंथ वापरलेले मिळतात. दोन्हींना ३७च पट्ट्या, त्याही अरुंद, आणि एका वेळी चारच सूर. डाव्या हाताने तीन सुरांची कॉर्ड धरून उजव्याने दोन सूर एकदम घेतलेत, की आधीचा एक गळतो.

टच रिस्पॉन्स म्हणजे हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर मोठा आवाज. तो नसेल तर पुढे जाऊच नका. यामाहाचे पीएसआर-ई२७३ आणि ई३७३ शेजारी ठेवले तर नवख्याला सारखेच वाटतात, पण ई२७३ला टच रिस्पॉन्स नाही आणि ई३७३ला आहे. मॉडेलचा आकडा नीट वाचा. जुन्या सिंथला यूएसबी नसलं तर घाबरू नका. मागे बहुधा पाच पिनांचं गोल मिडी सॉकेट असतं आणि १९८३पासूनची ती भाषा आजचा काँप्युटरही समजतो. मध्ये एक साधी यूएसबी-मिडी केबल लागते.

वापरलेला बघायला जाण्याआधी

मुंबईत धोबी तलावला जा आणि वाद्यांच्या दुकानात नव्या कीबोर्डवर अर्धा तास हात फिरवा. निरोगी पट्टी बोटाखाली कशी लागते ते कळल्याशिवाय आजारी पट्टी ओळखता येत नाही.

पट्ट्या तपासणं

इथे मी फसले होते, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

माझा पहिला वापरलेला सिंथ मी फेब्रुवारीत वसईला जाऊन घेतला. विकणाऱ्याने ऑर्गनचा टोन लावून ठेवला होता. मी दोन-तीन गाणी वाजवली, सगळ्या पट्ट्या बोलल्या, पैसे दिले. जुलैत एका तालमीला अगदी मंद पियानो वाजवत असताना मधल्या सप्तकातला एक सूर धाडकन मोठा आला. मग दुसरा मुकाच झाला. दुरुस्तीला नेला तर त्या मॉडेलची रबरपट्टी मिळेना. पुढचे दोन महिने ट्रान्स्पोज (सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम सरकवायची सोय) वर-खाली करून, त्या दोन पट्ट्या चुकवत मी वाजवत राहिले.

झालं काय होतं ते सांगते. टच रिस्पॉन्सवाल्या पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन संपर्क असतात. पट्टी दाबली की एक आधी जुळतो, दुसरा किंचित नंतर. मधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की बोट हळू पडलं की जोरात. त्या संपर्कांवर धूळ आणि मुंबईचा दमट थर बसला, की मोजणी चुकते. सूर उमटतच नाही, किंवा हळुवार दाबूनही पूर्ण जोराने येतो. आता ऑर्गनच्या टोनला जोराशी सहसा देणंघेणं नसतं. कसंही दाबा, आवाज तेवढाच. म्हणजे निम्मा दोष ऑर्गनखाली झाकला जातो. विकणाऱ्याने ते मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. टोन बदलायला मी सांगायला हवं होतं.

म्हणून हे असं करा. स्वतःचे हेडफोन न्या. पियानोचा टोन लावा, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) शक्य असेल तर बंद, टच रिस्पॉन्स चालू, ट्रान्स्पोज शून्यावर. अगदी डावीकडच्या पट्टीपासून एका बोटाने सुरुवात करा. आवाज जेमतेम निघेल इतकी सावकाश, तीनदा दाबा. मग एकदा जोरात. मग पुढची पट्टी. डोळे मिटून केलंत तर उत्तम. फार सावकाश दाबल्यावर निरोगी पट्टीही कधी गप्प राहते, तेव्हा एका पट्टीवर निकाल देऊ नका, शेजारच्या दोघींशी ताडून बघा. ६१ पट्ट्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गाणं वाजवायचं नाही आणि गप्पाही नाहीत. "अहो ताई, सगळं चालू आहे, किती वेळ बघताय" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे पाणी पिऊन निघा. मी तीनदा अशी निघाले आहे आणि एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

मधली दोन सप्तकं जास्त झिजतात. कीबोर्ड गाणाऱ्यांच्या घरातला असेल तर काळ्या पट्ट्या विशेष बघा. काळी एक, काळी दोन अशा पट्टीत रोज रियाज झालेला असतो.

दोन पट्ट्या बिघडलेल्या सापडल्या आणि "नुसती साफसफाई लागेल" असं ऐकू आलं, तर साफ करून ठेवा, मग येते म्हणा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खरंच बऱ्याच पट्ट्या बऱ्या होतात. पण रबरावरचा काळा कार्बन झिजला असेल तर पुसून काही होत नाही, आणि उघडल्याशिवाय ते कोणालाच सांगता येत नाही. तो धोका विकणाऱ्याने घ्यावा.

बाकीचं

पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली ओढायचं चाक पूर्ण फिरवून सोडा आणि फोनवरच्या तानपुऱ्याशी सूर जुळतो का ते ऐका. चाक मध्यावर परत येत नसेल तर सगळं बेसूर वाजेल. नॉब सावकाश फिरवा, खरखर किंवा उडी नको.

मूळ अ‍ॅडॉप्टर मागून घ्या. तो नसेल तर मागचं चिन्ह वाचूनच लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. यामाहाच्या अनेक कीबोर्डना १२ व्होल्ट आणि पिनेच्या आत धन लागतं, बऱ्याच जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट आणि आत ऋण. पिन बसते म्हणून लावू नका. जपानहून आलेला जुना सिंथ १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावलात तर जळेल.

घरी आणायला रविवारची दुपार आणि लोकलचा मालडबा.

काँप्युटरवर सूर उशिरा येत असेल तर कीबोर्डला दोष देऊ नका. विंडोजवर एएसआयओचा (आवाज लवकर पोचवणारा) ड्रायव्हर घाला आणि बफर, म्हणजे आवाज थोडा थोडा साठवायची जागा, १२८ सॅम्पलवर आणा. ४४,१०० हर्ट्झला ते जेमतेम ३ मिलिसेकंद होतात.

खिडकीजवळ ठेवू नका, झाकून ठेवा, पावसाळ्यात कव्हरखाली सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि दर जूनमध्ये, पाऊस लागून आठवडा झाला, की हेडफोन लावून ६१ पट्ट्यांची तीच फेरी पुन्हा करा. अडखळणारी पट्टी तेव्हाच सापडली तर बहुधा साफसफाईवर भागतं.